शलाकाबाईची गाजलेली कादंबरी

एका जंगलात, बाळांनो, वाचणाऱ्यांपेक्षा लिहिणारे जास्त होते. तुम्हाला हे खोटं वाटेल, पण जंगलात काय वाटेल ते घडतं.

तिथे शलाकाबाई नावाची एक सायाळ राहायची. अंगावरून गळलेला काटा उचलायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि सागाच्या पानावर लिहायचं, असं तिने सात वर्षं केलं. त्यातून एका टिटवीची कादंबरी झाली. कादंबरीच्या शेवटी टिटवी मरते. ते पान लिहिताना शलाकाबाई ढसाढसा रडली होती. टिटवीला मारलं ते बरोबर केलं की चुकलं, एवढंच तिला कुणीतरी वाचून सांगायला हवं होतं. वाळवी लागू नये म्हणून ती रोज सकाळी सगळी पानं उन्हात घालायची, झटकायची आणि वाट बघत बसायची. कुणी काही यायचं नाही.

एक दिवस सरडा आला. तो लेखकांना सल्ले द्यायचा. स्वतः काही लिहीत नसल्यामुळे त्याला वेळ होता.

"बाई, बिळात बसून कोण विचारणार तुम्हाला? पाणवठ्यावर या."

पाणवठ्याच्या काठी चिखल होता. ज्याला जे सांगायचं ते त्याने चिखलात लिहायचं आणि ज्याला आवडेल त्याने शेजारी पाऊल उमटवायचं. तुम्ही मोबाइलवर अंगठे देता ना, तसंच. फक्त नंतर पाय धुवावे लागायचे.

सरड्याने सगळं शिकवलं. आधी मुखपृष्ठ लावा. मग 'उरले फक्त दहा दिवस' असं लिहा, दुसऱ्या दिवशी 'उरले फक्त नऊ'. मधूनमधून गालाला काटा टेकवून विचारात पडल्यासारखं बसा. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या चिखलात पाय घाला, तरच तो तुमच्या चिखलात घालील.

शलाकाबाई पहाटेच निघू लागली. म्हशीच्या रवंथावरच्या कवितेला पाऊल. मोराने पिसाऱ्याबद्दल लिहिलं की पाऊल. त्याने पुन्हा पिसाऱ्याबद्दलच लिहिलं की पुन्हा पाऊल. घरी परतेपर्यंत पाय भरून यायचे आणि पानं उन्हात घालायची राहून जायची.

प्रकाशनाच्या दिवशी चारशे बारा पावलं पडली! त्यात एक हत्तीचं होतं. त्याखाली साठ सशांची पुसली गेली, पण सशांना विचारतो कोण? कुणी लिहिलं, "अप्रतिम!" कुणी लिहिलं, "संग्राह्य!" रानडुकराने तर लिहिलं, "शेवट वाचून डोळे पाणावले."

शलाकाबाईला कोण आनंद झाला! ती धावतच रानडुकराकडे गेली.

"वराहराव, खरं सांगा, टिटवी मरायला हवी होती का हो?"

"कोण टिटवी?"

"अहो, शेवट वाचलात ना?"

"बाई, आपल्या माणसाचं काय वाचायला लागतं? आपलं माणूस आहे म्हणून रडलो!"

कादंबरी अजून बिळातच आहे, ती कुणी न्यायलाही आलेलं नाही, हे तेव्हा कुठे बाईच्या ध्यानात आलं. ती घरी पळाली. पानांच्या जागी मातीचा ढीग होता. ढिगावर एक म्हातारी वाळवी तोंड पुसत बसली होती.

"शलाकाबाई, पहिल्या पानापासून एक अक्षर सोडलं नाही बघा आम्ही. मधली चाळीस पानं उगाच ताणलीत. पण त्या बिचाऱ्या टिटवीला कशाला मारलंत? शेवटचं पान खाताना पोरं रडली हो माझी."

शलाकाबाईला तिला चिरडावंसं वाटलं आणि तिच्या गळ्यातही पडावंसं वाटलं. मग ती मातीतच बसली. दोघी दुपारभर टिटवीबद्दल बोलल्या. सात वर्षांत एवढं सुख तिला मिळालं नव्हतं. टिटवीला जगवायला हवं होतं, हे तिला पटलं. पण आता जगवायला कादंबरीच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने चिखलात खरं ते लिहिलं. 'माझी कादंबरी वाळवीने खाल्ली. एकही पान उरलेलं नाही.'

तासाभरात सातशे पावलं पडली.

"अभिनंदन!"

"अशीच प्रगती होत राहो!"

रानडुकराने लिहिलं, "पुन्हा पुन्हा वाचावी अशी कलाकृती."

सरडा आनंदाने लालेलाल झाला. "बघितलंत बाई? इतके दिवस ती कादंबरीच आड येत होती."

तात्पर्य : लेखकहो, वाहवा करणाऱ्यांपासून पुस्तकाला काडीचाही धोका नसतो. कुणी नेमकी चूक काढली, तर मात्र घरात ताबडतोब वाळवीचं औषध मारून घ्या.