टिलरी काउंटीने तोडलेली साखळी

"आजपासून ओहायो राज्याच्या टिलरी काउंटीत कृत्रिम अफूचा कणही शिरणार नाही!" अशी घोषणा आयुक्त डेलबर्ट किनमन यांनी केली, तेव्हा माईक बंद होता. तो सुरू झाल्यावर त्यांनी ती पुन्हा केली. मधल्या वेळात वकील कानाशी लागल्यामुळे दुसऱ्या खेपेस तिच्यात 'शक्यतो' हा शब्द आला.

पाठोपाठ कृत्रिम अफू पुरवठा साखळी विच्छेदन समिती स्थापन झाली. सभासद पाच; त्यात स्वतः डेलबर्ट, उपशेरीफ रॉइस आणि मी, आणि अक्षर बरं म्हणून मी वर सचिवही. राज्याने अनुदान दिलं आणि अनुदानाला अट जोडली: नव्वद दिवसांत किमान एक साखळी तोडून तिचं छायाचित्र पाठवावं.

अडचण भूगोलाची होती. फेंटॅनिलचा, म्हणजे या कृत्रिम अफूचा, कच्चा माल येतो समुद्रापलीकडून, गोळ्या बनतात सरहद्दीपलीकडे, आणि आमची हद्द संपते नदीच्या पुलावर. पुलापलीकडे आमच्या रॉइसला साधी दंडाची पावती फाडता येत नाही. सत्तर दिवस आम्ही साखळीचं टोक धरायला धावलो. दर खेपेला ते पुलापलीकडे निघालं. अखेर डेलबर्टनेच तोडगा काढला. "आपल्याला झेपेल अशी साखळी शोधा. जिचं डोकं, पोट, शेपूट, सगळं काउंटीतच असेल!"

राज्याच्या राजधानीतून, कोलंबसहून, संगणक प्रणाली आणली. तिला लक्षणं भरवली: लहान पाकिटं, ओळख न विचारता वाटप, माल घेऊन दोन मिनिटांत पसार होणारी माणसं. दुपारच्या जेवणाआधीच उत्तर आलं. शंभरपैकी शहाण्णव गुण. उगम: काउंटीचंच आरोग्य कार्यालय. वाटपाचा अड्डा: सार्वजनिक वाचनालय. सूत्रधार: ग्रंथपाल अर्डिथ स्टॅम्बॉ, वय वर्षं एकाहत्तर.

डेलबर्ट, रॉइस आणि मी धाडीला गेलो.

"मिस अर्डिथ," डेलबर्ट म्हणाला, "लोक इथे येतात आणि पुस्तक न घेताच जातात, असं समजतं."

"डेल, तू सातवीपासून तेच करतोयस."

"त्या टेबलाखालच्या खोक्यात काय आहे?"

"नाकात मारायचा फवारा. फेंटॅनिलने श्वास थांबला की हा मारायचा, माणूस उठून बसतो. गेल्या महिन्यात तिघं उठवले. एक तर इथेच, शब्दकोशांच्या कपाटापाशी."

"नाव लिहून घेता?"

"माणूस निळा पडलेला असतो, बाबा. स्पेलिंग कुठलं विचारू त्याला?"

रॉइस चाचरत म्हणाला, "साहेब, हे औषधच आहे. आपणच वाटायला दिलंय."

डेलबर्टने त्याला पुरवठ्याचं शास्त्र समजावलं. "गिऱ्हाईक जगलं की मागणी जगते. मागणी जगली की माल येतो. मग मूळ कुठे सापडलं?"

रॉइसने खोक्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हा युक्तिवाद नंतर इतिवृत्तात मीच उतरवला, आणि उतरवल्यावर तो फार भारदस्त दिसला.

फवाऱ्याच्या बेचाळीस डब्या जप्त झाल्या.

"आता इथे कोणी पडलं तर मी काय करू?" मिस अर्डिथनी विचारलं.

"लेखी कळवा," डेलबर्ट म्हणाला.

शनिवारी जत्रेच्या मैदानावर समारंभ झाला. लांब टेबलावर डब्या पंख्यासारख्या मांडल्या, मागे झेंडा लावला, छायाचित्र निघालं. 'साखळी तुटली' म्हटल्याबरोबर सगळी काउंटी टाळ्यांनी दुमदुमली. मीही वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या असत्या. सॉसेज गरम होते आणि शत्रू बिनहत्यारी होता.

सोमवारी सकाळी मी वाचनालयात मासिकं चाळत होतो. विणकामाची. तेवढ्यात डेलबर्ट आला. मी त्याला दिसलो नाही. त्याने हाताला लागेल ते पुस्तक उचललं आणि उलटं धरलं.

"मिस अर्डिथ," तो हळूच म्हणाला, "लेक आलीय डेटनहून. बाथरूमची कडी लावून तास तास बसते. एखादी डबी…"

"सगळ्या तुमच्या समितीच्या कपाटात आहेत, डेल."

"तो आता पुरावा झालाय हो. समितीचा ठराव लागतो."

"मग सचिवाला विचार. तो बघ, मासिकांमागे उभा आहे. तुझ्याआधी दहा मिनिटं आलाय."

मी मासिकांमागून बाहेर आलो. माझ्या धाकट्या भावाचं काय चाललंय हा इतिवृत्ताचा विषय नव्हे. डेलबर्टनेही विचारलं नाही. गणपूर्तीला तिघं लागतात, एवढंच मी त्याला सांगितलं. इतक्यात दार ढकलून रॉइस आत आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन.

"मिस अर्डिथ, जरा खासगी काम…" आणि आम्हाला बघून थांबला.

गणपूर्ती झाली.

सभा बालविभागात भरली, चिमुकल्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. चर्चा झाली नाही. 'निरीक्षणार्थ तीन डब्या सभासदांच्या ताब्यात द्याव्यात,' असा ठराव मी लिहू लागलो. मिस अर्डिथ माझ्या खांद्यावरून वाचत होत्या.

"ऑर्विल," त्या म्हणाल्या, "चार लिही ना. एक इथे असू दे."