कुणाचेच नसलेले सोपानआबा

सोपानआबा भर मे महिन्यातही गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात. साधा तपकिरी, लोकरीचा. मानेवर घामोळं उठतं, ते खाजवतात, पण मफलर काढत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, "गळा रिकामा दिसला की कुनीतरी येऊन कायतरी घालतंय."

यात अतिशयोक्ती नाही. वराळ्याजवळच्या आमच्या गावात नाल्याचं उद्घाटन असो की कुणाच्या पोराची हळद, एखादा पुढारी येतोच आणि त्याच्यामागे उपरण्यांचा गठ्ठा घेऊन एक माणूस येतो. दिसेल त्या गळ्यात उपरणं पडतं, फोटो निघतो, आणि तासाभरात फोनवर बातमी येते की अमक्यातमक्यांनी जाहीर प्रवेश केला. आमच्या आळीतला एक जण असाच मिसळ खायला गेला आणि पक्षात जाऊन आला. पुढच्या महिन्यात दुसरीकडे मिसळ होती. तो तिथेही गेला.

गावात माणसाची ओळख नावावरून होत नाही. "कुणाचा माणूस?" असं विचारतात. आबांना हे विचारलं की ते म्हणायचे, "इंदीचा." इंदूमावशी म्हणजे त्यांची बायको. मावशी दोन वर्षांमागे गेल्या, तरी उत्तर बदललेलं नाही. समोरचा मग ओशाळतो आणि विषय बदलतो.

माझे वडील आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटत आले. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे बाजू न घेणाऱ्या माणसाची मला चीड आहे. आबांना मी तोंडावर म्हटलं होतं, "आबा, मधे उभा राहणारा माणूस शेवटी जिंकणाऱ्याच्या कामी येतो."

"मी कुटं मधी उभाय?" ते म्हणाले. "मी मुद्द्याशेजारी उभाय. तुजा मुद्दा कंचा ते सांग."

मुद्दा कंचा, हे आबांचं हत्यार. नेत्याचं भाषण रंगात आलं की पहिल्या रांगेतून आबांचा आवाज येतो, "मुद्दा कंचा?" आमच्याकडचे दोन कार्यक्रम त्या एका प्रश्नावर आटोपते घ्यावे लागले आहेत. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनाही त्यांनी एकदा विचारलं होतं, पण ते सोडू.

असा माणूस यंदा आमच्या दूध संस्थेचा संचालक म्हणून निवडून आला. अपक्ष. प्रचार नाही, जेवणावळ नाही. मी संस्थेत दुधाची फॅट तपासते, त्यामुळे निकालाच्या दिवशी दोन्हीकडचे चेहरे मी जवळून पाहिले. विकास पॅनेलचे चार आले, परिवर्तन पॅनेलचे चार आले आणि नववे आबा. चेअरमन कोण, हे आता एकट्या आबांच्या हातावर ठरणार होतं.

चेअरमनकीला एवढा भाव दुधामुळे आलेला नव्हता. संस्थेची जागा रस्त्याला लागून आहे. आजूबाजूला टॉवर उठलेत. ती जागा बिल्डरला द्यायची, यावर दोन्ही पॅनेलचं मनातून एकमत होतं. भांडण इतकंच होतं की देणारा हात कुणाचा. संकलन केंद्र त्या जागेवरून हललं, तर सकाळी डोक्यावर किटली घेऊन चालत येणाऱ्या बायका दूध कुठे घालणार, हे कुणी बोलत नव्हतं. विकासवाल्यांचे उमेदवार सुरेशअण्णा, परिवर्तनवाल्यांचे राजूशेठ. दोघांनाही आबांनी एकच प्रश्न केला, "जागा इकनार का न्हाई?" दोघांनीही एकच उत्तर दिलं, "आबा, आधी निवडून तर येऊ द्या."

चेअरमनची निवड होईपर्यंत आपापल्या संचालकांना गावाबाहेर नेऊन ठेवायची आमच्याकडे रीत आहे. तिला सहल म्हणतात. माणूस गावात राहिला तर फुटतो, अशी श्रद्धा आहे. सुरेशअण्णांनी लोणावळ्याला बंगला घेतला. राजूशेठ आपल्या तिघांना घेऊन कोकणात गेले. आबांना दोन्हीकडचं आमंत्रण होतं.

"मी यीन," आबा अण्णांना म्हणाले, "पर चंद्री माज्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाई. तिचं काय?"

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. आबांना वाटलं, आता अण्णा नाद सोडतील. अण्णांनी संध्याकाळी टेम्पो पाठवला.

अशा रीतीने आमच्या गावची म्हैस लोणावळ्याच्या बंगल्यात राहायला गेली. पुढे हिरवळ, मागे पोहण्याचा तलाव, आणि जनरेटरच्या खोलीशेजारी दाव्याला चंद्री. शेजारच्या बंगल्यातले पाहुणे पोरांना कडेवर घेऊन तिला बघायला आले. बंगल्याच्या रखवालदाराला वाटलं, कसला तरी विधी आहे. त्याने चंद्रीला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अण्णांच्या फोनवरून आबांचा फोन आला. एरवी चढा असणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"पोरी, म्हस पान्हा सोडंना. काल सांजच्याला न्हाई, आज सकाळी न्हाई. कास दगडावानी झालीया."

"डॉक्टर बोलवा ना आबा."

"डाक्टरचं काम न्हाई. माज्या गोठ्यात खुंटीला बोचकं हाय. ते घिऊन ये. आन सोडून बघू नको."

मी गोठ्यातून बोचकं घेतलं, स्कूटीला अडकवलं आणि जुन्या हायवेने निघाले. कार्ल्याच्या पुढे वाहनांची रांग लागली होती. मला रस्ताभर त्या म्हशीची कास दिसत होती. दूध तुंबलं की कास सुजते, कधी कधी एखादं आचळ कायमचं जातं. सगळं गाव खुर्चीसाठी मतं मोजत होतं आणि एक मुकं जनावर त्यापायी कळवळत होतं. याचा राग कुणावर काढावा, ते मला कळत नव्हतं.

बंगल्याच्या फाटकातच आबा उभे होते. त्यांनी बोचकं घेतलं आणि म्हणाले, "तू हितंच थांब." ते जनरेटरच्या खोलीमागे गेले. मी थांबले, पण चंद्री जोरात हंबरली आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले.

आबा इंदूमावशींचं हिरवं लुगडं नेसले होते. शर्टावरूनच. पदर डोक्यावर घेऊन पुढे ओढलेला. ते चंद्रीच्या कासेशी बसले होते आणि हळू आवाजात बोलत होते, "हाय मी. हितंच हाय. घाबरू नको." चंद्रीने मान वळवून पदर हुंगला. थोड्या वेळाने बादलीत धारेचा आवाज सुरू झाला.

मी मागे फिरले. तेवढ्यात दिसलं की टेम्पोवाला झाडाआड फोन धरून उभा आहे. मी पुढे व्हायच्या आत तो टेम्पोत बसून निघून गेला.

टेम्पो अण्णांनी ठरवला होता, पण टेम्पोवाला निघाला राजूशेठचा माणूस. संध्याकाळी मी अजून बंगल्यातच होते, तेव्हा अण्णांच्या फोनवर आबांसाठी कोकणातून फोन आला. फोन आबांच्या हातात होता, तरी शेठचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आबा, लुगडं झ्याक दिसतंय तुमाला. गावाच्या ग्रुपवर टाकू का? का ऱ्हाऊ दे? तुमी म्हनाल तसं. निवडीच्या टायमाला हात कुटं वर करायचा, तेवडं बघा."

आबांनी फोन परत दिला. जेवले नाहीत. अण्णांची माणसं त्यांच्याकडे चोरून बघत होती. त्यांना आबांची काळजी नव्हती, मताची होती. अण्णा म्हणाले, "आबा, आपण पोलिसात जाऊ. फक्त आधी मतदान होऊ द्या."

"जायाचं तर आत्ता चल," आबा म्हणाले. अण्णांनी फोन खिशात टाकला.

निवडीच्या दिवशी संस्थेच्या पत्र्याच्या शेडपुढे दूध घालणारी सगळी माणसं जमली. बायका किटल्या खाली ठेवून उभ्या होत्या. सहकार खात्याचे अधिकारी टेबलाशी बसले होते. राजूशेठचा फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता आणि ते त्यावर बोटं वाजवत होते. इतकी वर्षं मुद्दा कंचा विचारणारा माणूस आज मान खाली घालून हात वर करणार, आणि मला ते बघावं लागणार, असं वाटत होतं.

आबा उठले. अधिकाऱ्यांना म्हणाले, "सायेब, मतदानाच्या आदी जरा बोलायचंय." मग शेठकडे वळले. "राजू, त्यो व्हिडिओ लाव."

"कंचा व्हिडिओ आबा?" शेठ हसले, पण बोटं थांबली.

"लावत न्हाईस? बरं. मी सांगतो." आबा शेडबाहेर आले, लोकांसमोर. "आमची चंद्री इंदीच्या हाताची. इंदी गेली तवा म्हशीला कोन सांगनार? ती दूध चोराया लागली. सुई टोचली, पेंड वाढवली, काय उपेग न्हाई. मग मी इंदीचं लुगडं नेसून बसलो. वासानं तिला वाटलं, आली. तवापास्नं मी लुगडं नेसून धार काढतो. राजूकडं त्याचा व्हिडिओ हाय. ज्याला बघायचा त्यानं बघावा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ठाकरांच्या वस्तीवरची एक म्हातारी किटलीवर बसली होती. ती म्हणाली, "दात काय काढतुयास? माजा सासरा बी न्हेसायचा. म्हशीचं पोट भरल्यावरच तुजं भरतंय." हसू तिथेच विझलं.

"आता मुद्दा," आबा म्हणाले. "ही जागा इकनार का न्हाई? अण्णा, तू सांग."

सुरेशअण्णा उभे राहिले. "सर्वांना विश्वासात घेऊन, संस्थेच्या हिताचा विचार करून, योग्य तो निर्णय..."

"बस. राजू, तू?"

राजूशेठ घामाघूम झाले होते. त्यांनी आपल्या तिघांकडे पाहिलं, मग बाहेरच्या बायकांकडे. फोनचा डाव मोडला होता. हातात एवढाच एक रस्ता उरला होता. "न्हाई इकनार," ते म्हणाले.

"मोट्यानं बोल. मावश्यांकडं बघून."

"जागा इकनार न्हाई. माज्या कारकिर्दीत न्हाई."

अधिकाऱ्यांनी हात वर करायला सांगितलं. आबांनी हात वर केला. राजूशेठच्या बाजूने.

मग अण्णांची माणसं ओरडायला लागली. बंगल्यात राहिला, म्हशीसकट आमचं खाल्लं, आणि घाबरून तिकडे गेला. परिवर्तनवाल्यांनी गुलाल उधळला, आणि त्यांच्यातलेही कानात बोलत होते, "व्हिडिओला भ्याला म्हातारा." थोडक्यात, दोन्ही पॅनेलांचं पुन्हा एकदा एकमत झालं.

संध्याकाळी मी तणतणत आबांच्या गोठ्यात गेले. ते चंद्रीपुढे वैरण टाकत होते.

"त्यांनी तुम्हाला धमकी दिली. तुमची अब्रू चव्हाट्यावर आणली. आणि तुम्ही त्यांनाच मत दिलंत?"

"त्याला न्हाई दिलं. त्यानं सगळ्यांम्होरं शबुद दिला, त्या शब्दाला दिलं."

"गाव म्हणतंय, आबा घाबरले."

"म्हनू दे. भ्यालो न्हाई हे दावायसाटी मी अण्णाला मत दिऊ? मग जागा गेली असती. माज्या अब्रूपायी मावश्यांनी किटल्या घिऊन कुटं हिंडायचं?"

"आणि शेठ फिरले तर?"

"तर त्याच्या इरुद्ध पयला हात माजा. त्यालाबी ते म्हाईत हाय."

आमच्या घरातल्या ढीगभर पत्रकांत पक्ष बदलणाऱ्यांना शिव्या आहेत, न बदलणाऱ्यांची कौतुकं आहेत. स्वतःला लागलेलं विसरून फक्त प्रश्नाकडे बघणाऱ्या माणसाबद्दल एकही ओळ मला आठवेना.

धारेची वेळ झाली. मी उठायला लागले.

"बस की," आबा म्हणाले. "आता सगळ्या गावाला ठावं झालंय."

त्यांनी लुगडं गुंडाळलं, पदर घेतला. मी सहज म्हणाले, "आबा, दोन वर्षं झाली. आता ती तुमच्या हाताला सरावली असेल. बिनलुगड्याचं बसून बघितलंत का कधी?"

आबांनी चंद्रीच्या कासेवर पाणी मारलं.

"बघितलं. देती. घरी केवाच द्याया लागलीया. परक्या जागी बिचकली, म्हनून तितं अडली."

"मग आता कशाला नेसता?"

चंद्रीने मान वळवून पदर हुंगला. आबांनी तिला हुंगू दिलं.

"माज्या दारात ना हे येत्यात, ना ते," ते म्हणाले. "दिसभर बोलायला कोन न्हाई. हितं बसलो की ही मान वळवून बघती. तिला वाटतं, इंदी आली." त्यांनी बादली पायांत धरली. "मलाबी वाटतं."