मोरूदादाचे दोन पिकअप

मोरूदादा बॅटरी चाखून घेतो. चौकोनी, नऊ व्होल्टची, वर दोन बटणं असलेली बॅटरी असते ना, ती. दुकानदार खोक्यातून एक काढून देतो, मोरूदादा तिची दोन्ही टोकं जिभेला लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "शिली हाय. दुसरी दे." मग दुसरी चाखतो. "ही बरी. जरा तुरट हाय, पन चालंल." शेजारी साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हे बघून दोन पावलं मागे सरतं. दुकानदाराने मध्यंतरी बॅटऱ्या आतल्या फळीवर नेऊन ठेवल्या, तर मोरूदादा चप्पल काढून आत जायला लागला.

बरं, ही बॅटरी तो कशाला लावतो? कशालाच नाही. घरी नेतो आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. दर दिवाळीला जुनी काढायची, नवी ठेवायची. डब्यात बॅटरीच्या शेजारी गिटारचे दोन अ‍ॅक्टिव्ह पिकअप आहेत, नवेकोरे, कागदात गुंडाळलेले. ते बसवायची वेळ आलीच तर बॅटरी ताजी असावी, एवढंच त्याचं म्हणणं.

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ती काळी पट्टी असते ती. तार हलली की तिचा आवाज ही पट्टी उचलते आणि स्पीकरकडे पाठवते. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी मूळचा माणगावचा, न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटाकडे कागद इकडचे तिकडे सरकवायची नोकरी करतो, आणि वाद्यांशी माझा संबंध आरतीच्या टाळांपुरता. पण मोरूदादाची आणि माझी भिंत एक आहे. त्यामुळे मला हे सगळं शिकावं लागलं.

मोरूदादा कंटेनर यार्डात कंटेनर उचलायचं मशीन चालवतो. जिथे चालवतो तिथेच पूर्वी त्याच्या वडिलांचं मिठागर होतं. लग्नसराईत तो हरेशच्या बेंजो पार्टीत गिटार वाजवायला जातो. आमच्या गावात हळद हा लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. लग्नाला नाही गेलात तर एखादे वेळी खपून जातं, हळदीला नाही गेलात तर पुढच्या हळदीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. अशा हळदींमध्ये मोरूदादाची गिटार गेली कैक वर्षं वाजतेय, आणि तिच्यात पहिल्यापासून बसलेत ते पिकअप पॅसिव्ह आहेत.

"पॅसिव्ह म्हंजे काय? लोहचुंबक न त्याच्यावर तांब्याची तार. बस. तुज्या बोटात हाय तवरंच त्याच्यात हाय. अ‍ॅक्टिव्ह म्हंजे पोटात बॅटरी. आवाज येकदम साफ."

पॅसिव्हचा दोष एकच, ते गुणगुणतात. स्पीकर चालू असला की घूंऽऽऽ असा आवाज लागतो, बाटलीत माशी अडकल्यासारखा. तारांवर हात ठेवला की बंद, हात उचलला की परत सुरू. अ‍ॅक्टिव्ह मात्र हात असो नसो, गप्प.

"मग बसव की अ‍ॅक्टिव्ह," मी म्हणतो.

"बगू," मोरूदादा म्हणतो.

या विषयावरून त्याने गावातल्या सगळ्या माणसांची वाटणी करून टाकलीय. सरपंच अ‍ॅक्टिव्ह, पण बॅटरी उतरलेली. पोस्टमन पॅसिव्ह. आमची शैला अ‍ॅक्टिव्ह. "वैनीला कोनी हात लावायची गरज नाय, आपोआप वाजतंय," हे त्याने तिच्यासमोर सांगितलं आणि वर तिच्याच हातचा चहा प्यायला. मी कोण, असं मी विचारलं नव्हतं. तरी त्याने सांगितलं. "तू पॅसिव्ह, भाऊ. कोनी वाजवला तर वाजतंस. नाय तर नुस्ता घूं करतंस." शैलाला हे इतकं पटलं की अजून घरात मी काही कुरकुर केली की ती नुसतं "घूं" म्हणते आणि कामाला लागते.

त्या घूंबद्दल मी एकदा रीतसर तक्रार करायला गेलो होतो. दुपारची झोप होत नव्हती. मोरूदादा मांडीवर गिटार घेऊन बसला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो ओरडला, "पने, च्या!" पनू म्हणजे प्रणाली, त्याची एकुलती एक मुलगी. ती एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन आली. मोरूदादाने गिटार बाजूच्या खुर्चीला टेकवून ठेवली. घूंऽऽऽ. प्रणालीने चहा बापाच्या हातात दिला, रिकामा झालेला हात तारांवर ठेवला आणि मोबाईल वाचत उभी राहिली. घूं बंद. मोरूदादाने बशीत ओतून सावकाश चहा संपवला, गिटार परत घेतली आणि ती आत गेली.

"अरे, चहा पिताना स्पीकर बंद करावा माणसाने," मी म्हटलं.

"चालू-बंद करून खराब होतो."

"गिटारला आवाज कमी करायचं बटण आहे ना?"

"फिरवून फिरवून झिजतं."

मग म्हणाला, "हिची आवस वारली तवा ही बालवाडीत होती. तवापासून ठेवतंय हात. आधी इस्टुलावर चढून ठेवायची. तिला वाटायचं, गिटार रडतंय." एवढं बोलून तो पुन्हा वाजवायला लागला. मी तक्रार न करताच घरी आलो.

आता ते दोन पिकअप गावात कसे जाहीर झाले ते सांगतो. मोरूदादा नाक्यावर चहा पिता पिता सहज बोलून गेला, "दोन पिकअप आनून ठेवलेव, पन मन होत नाय." आमच्या गावात दर दुसऱ्या घरासमोर ट्रेलर किंवा टेम्पो उभा असतो. तिथे पिकअप म्हटल्यावर गिटार कुणाच्या डोक्यात येणार? मोरूने माल वाहायच्या दोन पिकअप गाड्या घेतल्या, ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली. संध्याकाळी त्याचा मेहुणा नारळ, हार आणि लिंबू-मिरची घेऊन दारात हजर. मागोमाग विमा एजंट. मग देवळाच्या कमिटीची माणसं, पालखीच्या दिवशी एक गाडी फुकट मिळेल का विचारायला.

"गाड्या कुठं हायत?" मेहुण्याने विचारलं.

मोरूदादाने आतून डबा आणला.

मेहुण्याने डब्यात पाहिलं, मोरूदादाकडे पाहिलं, आणि आणलेला नारळ परत कसा न्यायचा म्हणून डब्यासमोर फोडला. डब्याला हार घातला. लिंबू-मिरची बांधली, ती अजून आहे. कमिटीवाल्यांनी खोबऱ्याचा प्रसाद घेतला आणि पालखीचं पुन्हा काही विचारलं नाही.

पण बातमी तोवर पनवेलकडे पोचली होती. थोड्याच दिवसांत प्रणालीला स्थळ आलं. मुलाचे वडील ट्रान्सपोर्टवाले. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी विषय काढला, "मोरूशेठ, पिकअप कुठल्या लायनीला चालतात?"

"चालत नायत," मोरूदादा म्हणाला. "डब्यात हायत."

पुन्हा डबा आला. त्या गृहस्थांनी एक पिकअप तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला आणि सवयीने "मॉडेल कुठलं?" असं विचारून बसले. मोरूदादाने सांगितलं. बरंच सांगितलं. शेवटी ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि शैलाने धावत जाऊन पाणी दिलं. मुलगा आणि प्रणाली एकाच कॉलेजातले, त्यांचं आपसात आधीच जमलं होतं. ते पिकअपवर अवलंबून नव्हतं, म्हणून लग्न ठरलं.

आणि मग खरी अडचण सुरू झाली.

पोरीच्या हळदीला गिटार मीच वाजवणार, हे मोरूदादा ती पाळण्यात होती तेव्हापासून सांगत होता. पण हरेशने त्या वर्षी नवी साउंड सिस्टीम आणली होती. मांडवाच्या चारी कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे स्पीकर. तो मोरूदादाकडे येऊन स्पष्टच बोलला. "दादा, तुजी घूं आता खाडीपल्याड ऐकू जाईल. पनूच्या हलदीला सगली पाव्हनी मोबाईलवर शूटिंग करनार. पार्टीचं नाव जाईल. अ‍ॅक्टिव्ह लाव, नाय तर कीबोर्डवाला गिटार वाजवंल. त्याच्या कीबोर्डात गिटारचा बटन हाय."

मोरूदादाचा चेहरा पडला. हरेश त्याच्या हाताखाली वाजवायला शिकला होता, पण पार्टी हरेशची.

मी म्हटलं, सुटला एकदाचा प्रश्न, आता तरी बसवेल. तो रोज यार्डातून यायचा, वर्तमानपत्र पसरायचा, गिटारचे स्क्रू काढून ओळीने मांडायचा, सोल्डरिंगची काडी तापवायचा. पिकअप कागदातून काढायचा. बॅटरी एकदा चाखायचा. मग सगळे स्क्रू परत लावायचा. मी भिंतीपलीकडून विचारायचो, "झालं का रे?" तिकडून यायचं, "बगू." मला त्याचा रागच यायला लागला होता. एवढा कंटेनर अलगद उचलून दुसऱ्या कंटेनरवर ठेवणारा माणूस, त्याला दोन वायरी जोडता येऊ नयेत?

हळदीच्या संध्याकाळी हरेशने विचारलं, "बसवलेस?"

"व्हय," मोरूदादा म्हणाला.

साफ खोटं. भिंत एक असल्यामुळे मला माहीत होतं. मी शैलाला म्हटलं, आज मोरूदादा सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. तिने मला कोपर मारलं.

पण वाजवलं बाकी झकास. तारांवरून हात उचलतच नव्हता, त्यामुळे घूंचा प्रश्नच आला नाही. बायका नाचत होत्या, म्हातारे नाचत होते, ट्रान्सपोर्टवाल्या व्याह्यांनी पाठवलेली माणसं शूटिंग करत होती. हरेश खूश होता. पाटावर प्रणाली पिवळीधमक होऊन बसली होती. मग धवलारीण उठली. धवलारीण म्हणजे आमच्याकडे धवले गाऊन लग्नाचे विधी करणारी बाई. तिचा शब्द मांडवात शेवटचा. तिने हात वर करून वाजप थांबवलं आणि हाक मारली, "बापाला बोलवा. बापाची हलद राह्यली."

मोरूदादा उठला, पण गिटार ठेवली नाही. वायर ओढत, एक हात तारांवर दाबून धरून, तो तसाच पाटापाशी आला. उजव्या हाताची बोटं हळदीत बुडवली.

"दोनी हातांनी," धवलारीण म्हणाली.

"येका हातानं लावतू."

"दोनी हातांनी लाव रं मोरू. पोरगी परक्याची हाय काय?"

मांडवातलं कुणी हसलं. मोरूदादाने इकडेतिकडे पाहिलं आणि तारांवरचा हात काढला. चारी स्पीकरमधून घूंऽऽऽ इतक्या जोरात उठली की लहान पोरं कानावर हात ठेवून पळाली. हरेश धावला. मेहुणा काहीतरी ओरडत होता, ते ऐकू येत नव्हतं.

प्रणालीने मान खाली होती तशीच ठेवली आणि हळदीने माखलेला हात पुढे करून बापाच्या गळ्यातल्या गिटारच्या तारांवर ठेवला.

सगळं शांत झालं. एवढा मोठा मांडव, आणि बांगड्यांचा आवाज येत होता. मोरूदादाने दोन्ही हातांनी लेकीच्या पायांना हळद लावली, गुडघ्यांना लावली, खांद्यांना लावली, गालांना लावली. सावकाश, बशीतला चहा प्यायचा तसा. तिने हात हलवला नाही. धवलारीण धवला सुरू करायचं विसरली.

लग्न झालं, प्रणाली पनवेलला गेली. दुसऱ्या दिवशी शैला म्हणाली, "मोरूभाऊजी बरे आहेत ना? आज घूं नाही." मी गेलो. गिटार खुर्चीला टेकून उभी होती, स्पीकरचा लाल दिवा लागलेला, आणि आवाज मात्र काही नाही. मोरूदादा स्वतः केलेला चहा पीत होता.

"बसवलेस तर शेवटी."

"व्हय."

"कसा आहे आवाज?"

"साफ." बशी खाली ठेवून तो म्हणाला, "पॅसिव्हला हात लागतो ठेवायला. घरात आता हात कोनाचा हाय? मी च्या पिऊ का हात ठेवू?" मग गिटारकडे बघत, "ह्यो बरा. ह्याला मानूस हाय का नाय, कलतच नाय."

गिटारच्या तारा मधोमध पिवळ्या दिसत होत्या. "तारा बदलल्या नाहीस?" मी विचारलं.

"बगू," मोरूदादा म्हणाला.

मांडवपरतणाला मुलगी माहेरी येते. त्या दिवशी मोरूदादाने यार्डात सुट्टी टाकली. सकाळपासून भिंतीपलीकडून सोल्डरच्या धुराचा वास येत होता, स्क्रू खाली पडत होते, मोरूदादा स्वतःलाच शिव्या देत होता. शैला भाकऱ्या थापत होती आणि मी तिच्यासमोर पाटावर बसून आयतं खात होतो. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. घूंऽऽऽ.

शैलाचा हात थांबला. मी पण घास तसाच धरून बसलो. घूं चालूच होती. बाहेर रिक्षा थांबली, कुणीतरी चपला काढल्या, शेजारचं दार वाजलं.

आणि घूं बंद झाली.

"आली पोर," शैला म्हणाली, आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.