शीर्षकातला नॅनोकण

आर्वीच्या एका महाविद्यालयात आकांक्षा ढोले सात वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होती, आणि दर मार्चअखेर तिला लेखी कळवलं जाई की आता ती शिकवत नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाची नेमणूक जुलैत उगवते आणि मार्चमध्ये वाळते. २००४ साली संस्थेनं ठराव केला की रिकामी असलेली एकमेव कायम जागा पीएच.डी. झालेल्या उमेदवारालाच मिळेल. ठरावाखाली कारण दिलं होतं, ‘गुणवत्तावाढ’. तेव्हा आकांक्षा गुणवत्ता वाढवून घ्यायला एस.टी.नं वर्ध्याला गेली.

वर्ध्यात डॉ. प्रभाकरराव काळबांडे हे मान्यताप्राप्त मार्गदर्शक होते. नव्वदच्या दशकात ते निरनिराळ्या द्रवांतून ध्वनिलहरी सोडत आणि त्या पलीकडे पोचल्या की प्रबंध पूर्ण झाला असं समजत. पुढे नॅनोचे दिवस आले. सरांनी एका उन्हाळी सुटीत दारावरची पाटी बदलली. आतली कपाटं तीच राहिली.

“विषय काय घेतला?” सरांनी विचारलं.

“झिंक ऑक्साइड, सर. त्याची भुकटी वेगवेगळ्या तापमानाला भाजून गुणधर्म कसे बदलतात ते पाहायचं आहे.”

“नॅनो टाक त्यात.”

“कण तेवढे बारीक होतील का, ते आधी बघावं लागेल ना सर?”

“कण नंतर होत राह्यते. समितीपुढं शीर्षक आधी जाते.”

त्याप्रमाणे ‘झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची निर्मिती व त्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास’ हे शीर्षक समितीपुढं गेलं आणि पाच मिनिटांत मंजूर झालं. त्यातली चार मिनिटं ढोले की ढोक, या चर्चेत गेली.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण शंभर नॅनोमीटरच्या आत असेल तरच त्याला नॅनोकण म्हणायचं, असं जगात ठरलं आहे. त्यासाठी आकांक्षाला आपली भुकटी भट्टीत चारशे अंशांवर सलग तीन तास ठेवायची होती. आर्वीत त्या काळात सलग तीन तास फक्त ऊन असे.

“मॅडम, लाइन गेली पाहा,” प्रयोगशाळेचे परिचर बंडूजी दारातून सांगत. बंडूजींची नोकरी चोवीस वर्षांची होती आणि भट्टीची त्याहून जास्त. “आता अडीचले येते म्हनते. पन मले नाई वाटत.”

लाइन गेली की भट्टी निवायची. आली की पुन्हा तापवायची. पुन्हा तापली की कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायचे. आकांक्षानं प्राचार्यांकडे अर्ज केला की महाविद्यालयाचं जनरेटर आठवड्यातून एकदा मिळावं. दीड महिन्यानं उत्तर आलं: ‘आपले कण अतिसूक्ष्म असल्याचे आपणच नमूद केले आहे. सबब त्यांना इतकी वीज का लागते, याचा खुलासा करावा.’ जनरेटर प्राचार्यांच्या कक्षाला जोडलेलं होतं. प्राचार्य आकारानं मोठे असल्यानं त्यांच्याबाबत खुलासा लागत नसे.

दोन वर्षांत तिनं एकवीस नमुने भाजले. मुंबईच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर कणांचे फोटो काढून घ्यायला सात महिने नंबर लावला. फोटो आले, आणि ती प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसूनच राहिली. सगळ्यात बारीक कण एकशे साठ नॅनोमीटरचा, सगळ्यात मोठा पाचशे ऐंशीचा. एकही नॅनो नव्हता.

पण आकांक्षा शेतकऱ्याची मुलगी. पेरलं ते उगवलं नाही, तरी काय उगवलं ते वाकून बघायची सवय होती. बंडूजी लाइन गेल्या-आल्याच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत. तिनं ते कॅलेंडर आणि फोटो शेजारी मांडले. एकदा लाइन गेलेले नमुने एकशे साठच्या आसपास, दोनदा गेलेले अडीचशेच्या, तीनदा गेलेले साडेतीनशेच्या. आलेखावर ठिपके ओळीनं बसले. असं मोजून ठेवलेलं तिच्या वाचनात तरी कुठं नव्हतं. तिनं बंडूजींना हाक मारली.

“बंडूजी, नुसता कण पाहून सांगता येतं, लाइन किती वेळा गेली होती ते!”

“ते तं मी बी सांगतो मॅडम,” बंडूजी म्हणाले. “त्याच्यासाठी कनाले काऊन त्रास देता?”

आलेख घेऊन ती वर्ध्याला गेली. सरांनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “पण शीर्षकात नॅनो आहे.”

“मग शीर्षक बदलू या ना सर. नॅनोकणांऐवजी नुसतं ‘कणांची’ करू.”

“लोडशेडिंगवर पीएच.डी. नाई देत कोणी, आकांक्षा. जाऊन विचार विद्यापीठात. मी नाई म्हणत नाही.”

विद्यापीठात संशोधन कक्षाचे अधिकारी ओमप्रकाशजी यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. सज्जन माणूस होता. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं.

“देखो मॅडम, शीर्षक बदललं की जुनी नोंदणी रद्द. नवा आराखडा, नवी समिती, वरून दोन वर्षं थांबा. तुमची जागा कधी भरून राह्यले?”

“येत्या जूनमध्ये.”

“मंग शीर्षकाले हातच नका लावू.”

“पण सर, कण नॅनो नाहीत.”

ओमप्रकाशजींनी पुस्तक पुढून मागं, मागून पुढं चाळलं. “कणाचा नियम नाई याच्यात. म्हणजे शीर्षक बदलायले परवानगी लागते, कण बदलायले नाई लागत.” तिला मदत करता आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

तिनं हे सरांना सांगितलं. त्यांनी कपाटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. एकसारखे, गोल, गोजिरवाणे कण. तीस नॅनोमीटर. आकांक्षानं तो ओळखला. सरांच्या पहिल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात तो सरळ होता, दुसऱ्याच्या प्रबंधात उजव्या कुशीवर, तिसऱ्याच्या उलटा, चौथ्याच्या डाव्या कुशीवर.

“सर, याच्या चारही बाजू झाल्या.”

“म्हणून तुले आरशातला देऊन राह्यलो,” सर म्हणाले. “कॉम्प्युटरवर होते. सिमेट्री म्हणतात याले. निसर्गाचाच नियम आहे.”

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. बाजूच्या बाईनं विचारलं, “काऊन रडतेस बाई?” तिनं सांगितलं, डोळ्यात काही गेलं. घरी वडील लक्ष्मणराव अंगणात वाट पाहत होते. “झालं का वं तुयं?” त्यांनी विचारलं. दर मार्चमध्ये त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, “होऊन राह्यलं, बाबा.” आणि आत जाऊन तिनं आलेख प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातून काढला. प्रकरण सतरा पानांनी हलकं झालं. तिथं तिनं नॅनोतंत्रज्ञानाचे मानवजातीला होणारे फायदे घातले.

मौखिक परीक्षेला दूरच्या विद्यापीठातून एक वयस्कर परीक्षक आले. जेवण झणझणीत सावजीचं झालं होतं, त्यामुळे सुरुवातीचा अर्धा तास त्यांनी पाणीच मागितलं. मग प्रबंध उघडला. ब्याऐंशीव्या पानावर ते थांबले. फोटो जवळ नेला. लांब धरला. प्रबंध हळूहळू फिरवला. खरं सांगायचं तर, पकडली जाईन या भीतीत आकांक्षाला क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

“हा फोटो,” परीक्षक म्हणाले.

“हो सर.”

“आमच्याकडं हा आडवा लावतात.”

परीक्षकांनी काळबांडे सरांकडे पाहिलं, सरांनी परीक्षकांकडे. दोन जुने नातेवाईक परमुलखात भेटावेत तसं त्या नजरेत काहीतरी ओलसर होतं. “उत्तम काम,” असं म्हणून परीक्षकांनी सही केली. अहवालात त्यांनी ‘कणांच्या आकारातील सातत्य विशेष उल्लेखनीय’ असं लिहिलं, आणि ते शब्दशः खरं होतं.

जून महिन्यात डॉ. आकांक्षा ढोले कायम झाल्या. संस्थेनं सत्कार ठेवला, बाजार समितीचे सभापती अध्यक्षस्थानी होते. प्राचार्यांनी सांगितलं की महाविद्यालयानं सर्व सुविधा उपलब्ध करून दिल्यामुळेच हे संशोधन शक्य झालं. त्या वेळी लाइन गेली, पण जनरेटर होतं. प्रबंधाच्या पाच प्रती निघाल्या. ग्रंथालयातली प्रत कोरी करकरीत आहे. बंडूजींनी जुनं कॅलेंडर कधीच भुकट्या बांधायला वापरून टाकलं.

पुढच्याच वर्षी तिला मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली. पहिलाच अर्ज आला तो कापड दुकानदार प्रेमदासजींच्या गुंजनचा. एम.एस्सी.त पहिली आलेली मुलगी. वडील स्वतः मिठाईचा डबा घेऊन सोबत आले होते. गुंजननं मात्र भलतंच केलं होतं: ग्रंथालयात जाऊन तिनं तो प्रबंध वाचला होता.

“मॅडम, एक विचारू का?” ती म्हणाली. “इथल्या भट्टीत, इथल्या लाइनवर, तीस नॅनोमीटरचे कण कसे निघाले? मी हिशेब करून पाहिला, जमत नाही. खरंच किती मोठे होते ते?”

चार वर्षांत हा प्रश्न मार्गदर्शकानं विचारला नव्हता, समितीनं नाही, परीक्षकानं नाही. आकांक्षाला तो आलेख डोळ्यांपुढं लख्ख दिसला, ठिपक्यांसकट. तिच्या घशात उत्तर तयार झालं. ते खरं उत्तर होतं. तिनं तोंड उघडलं.

“गुंजन!” प्रेमदासजी ओरडले. “अक्कल आहे का तुले? मॅडम डॉक्टर आहेत. मोठ्या मानसायले असं विचारतात का?” आणि हात जोडून म्हणाले, “माफ करा मॅडम. लहान आहे. आम्ही घरी असं नाई शिकवलं तिले.”

आकांक्षानं तोंड मिटलं आणि मिठाईचा डबा घेतला. गुंजन खाली मान घालून अर्ज भरू लागली. प्रेमदासजींचा राग मानू नये. मुलांना वळण लावण्यात ते तुमच्या-आमच्यापेक्षा काही वेगळे नव्हते.