प्रार्थना, पत्त्यासकट

दानिएलमामा देवाला पत्ता सांगायचे. नुसतं नाव घेऊन त्यांचं भागत नसे. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला आमच्या सामाईक अंगणात त्यांचे बूट वाजू लागत आणि पाठोपाठ आवाज येई, "प्रभू, गणपत पाटलाचा गुडघा बरा कर. बावड्यातला गणपत. पिठाच्या गिरणीला वळसा घातलास की निळं दार. कोल्हापुरात पाटील रग्गड हाईत, चुकशील!"

मी शेजारच्या खोलीत राहायला आलो तेव्हा हायस्कुलात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. झोप प्यारी आणि देवाशी संबंध कामापुरता. मामा शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर. वाळूचे साचे भरण्यात आयुष्य गेलं आणि तिथल्या धडधडाटात कान निम्मे गेले, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा चार घरांना ऐकू येई. बायको, मार्थामामी, मी येण्याआधीच वारलेल्या. मूलबाळ नाही. आणि हा गृहस्थ एका जागी बसेल तर शपथ! चहा फेऱ्या मारत, जेवण उभ्याने, चर्चमध्येसुद्धा मागच्या भिंतीशी येरझाऱ्या. पाळकांनी एकदा टोकलं तर म्हणाले, "बसलो की कुणाचं तरी नाव ऱ्हातंय."

पत्त्याचं कारण मी विचारलं होतं.

"रंकाळ्याजवळच्या अब्दुल शेखच्या पायासाठी म्हैनाभर मागितलं, मास्तर. आणि खडखडीत बरा कोण झाला? आमच्या फाउंड्रीतला अब्दुल शेख!"

"म्हणजे देव चुकला?"

"न्हाय वो! मीच पत्ता दिला न्हवता की!"

एकदा बोलण्याच्या ओघात मी माझी मूळव्याध त्यांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती देवाला कळली आणि सहा वाजून पाच मिनिटांनी समोरच्या जाधवकाकू ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या. मी तणतणत गेलो.

"मामा, ते खासगी होतं!"

"देवाला काय खासगी?"

"देवाला नाही, जाधवकाकूंना!"

मामा विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून ते "मास्तराचं ते. काय ते तुला ठाऊक हाय," एवढंच म्हणू लागले. आवाज मात्र तेवढाच. मी डोक्यावर उशी घेऊन चरफडत पडायचो.

पण एक होतं. कुणाला "तुमचं नाव घीन" म्हटलं की तो माणूस बरा होईपर्यंत मामा एक दिवस चुकवत नसत. अंगात ताप असो, पाऊस कोसळत असो, छत्री धरून फेऱ्या चालू.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस पडून राहायचं आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी दवाखान्यात गेलो. सिस्टर दारातच भेटल्या. "तुम्ही त्यांचे का? अहो, खाटेवर टिकतच नाहीत ते. टाके तुटतील."

मामा दोन खाटांच्या मध्ये अनवाणी फेऱ्या मारत होते. ओठ घट्ट मिटलेले. मी त्यांच्यासाठी पाटी नेली होती. ती हिसकावून त्यांनी लिहिलं, "बावीस माणसं ऱ्हायली. कालची बी."

"मनात म्हणा की. देवाला मनातलं कळतं ना?"

"त्याला कळतंय. पन मी मोठ्यानं घ्यायचा शब्द दिलाय," त्यांनी लिहिलं, पाटी माझ्या हातात कोंबली आणि चक्क तोंड उघडलं. मी घाबरून त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"थांबा! मी म्हणतो."

दोन वर्षं झोपमोड झाल्याने यादी मला तोंडपाठ होती. भर वॉर्डात उभा राहून मी गणपत पाटलाच्या निळ्या दारापासून सुरुवात केली. 'मास्तराचं ते' घाईत उरकलं. पायाला प्लॅस्टर घातलेला एक म्हातारा मध्येच म्हणाला, "आमचं बी घ्या की, पावणं! राधानगरी, बाजारामागं." त्याचंही घेतलं.

मामा खाटेच्या कडेला टेकले होते, पण पाय हलतच होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या यादीत त्यांचं स्वतःचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मामा, तुमचं नाव कोण घेतं?"

मामांनी माझ्या हातातली पाटी परत घेतली आणि लिहिलं,

"मार्था घ्यायची. मी तिचं, ती माझं. आपलं आपण घ्यायचं न्हाय, असं ठरलं हुतं." त्यांनी तळहाताने पाटी पुसली आणि लिहिलं, "सा वर्सं झाली."

मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं हा माणूस गावाचे पत्ते देवाला सांगत होता आणि त्याचं नाव घेणारं कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हणालो, "प्रभू, दानिएल सातपुते. गळ्याचं दुखणं. घरी कुणी नाही. दवाखान्याचा वरचा मजला, जिना चढलास की डावीकडे, खाट अकरा."

मामांनी घाईने पाटी ओढली आणि भलामोठा आकडा लिहून माझ्यासमोर धरला. बारा.

"खाट बारा, प्रभू. आमेन," मी म्हणालो.

मामा आडवे झाले. पाटी छातीवर ठेवली, डोळे मिटले. त्यांचे पाय थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले.