संतापलेली टिटवी, वेळ दहा ते पाच

एका जंगलातले प्राणी जंगलाला कंटाळले, की होडीत बसून समोरच्या बेटावर जात. मुलांनो, ही गोष्ट त्या बेटावरची आहे. नीट मांडी घालून बसा.

बेटावर आवडाबाई नावाची टिटवी राहत असे. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. उघड्या जमिनीवर चार खडे इकडे-तिकडे सारतात आणि तिथेच अंडी घालतात. आवडाबाईने वाळूत तीन अंडी घातली होती.

पण यंदा वाळूवर सशांच्या चटया होत्या, माकडांचा चेंडू होता आणि एक अस्वल तर झोप येईल तिथे आडवं होत होतं. एकदा ते अंड्यांपासून वीतभर अंतरावर लोळलं. आवडाबाई त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडली, "चालते व्हा इथून! हे माझं घर आहे."

अस्वल उठलं आणि चक्क टाळ्या वाजवू लागलं. त्याने बायकोला हाक मारली. लवकर ये म्हणालं, इथे खरीखुरी स्थानिक बाई रागावली आहे.

बेटाचे सरपंच होते खेकडेराव. ते चालत तिरके, पण फायदा त्यांना सरळ दिसे. त्यांनी लगेच अंड्यांभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली : 'संतापलेली टिटवी. वेळ दहा ते पाच.'

"वहिनी, आता दोरीच्या आत कुणी पाऊल टाकणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही फक्त रागावत राहा. राग थांबला, की दोरी सुटली."

आवडाबाईला हे मुळीच पटलं नाही. पण अंडी वाचत होती. ती रोज बरोबर दहाला रागावू लागली. ससे 'वन्स मोअर' म्हणत. दुपारी जेवायची सुट्टी असे. खरं सांगायचं तर तिला ते थोडं आवडूही लागलं होतं, पण हे कुणाला सांगू नका.

यथावकाश तीन पिल्लं बाहेर आली. दुसऱ्याच दिवशी आकाशात घार दिसली आणि आवडाबाई जिवाच्या आकांताने ओरडली. आईची ही हाक ऐकली, की टिटवीची पिल्लं जमिनीला चिकटून दगडासारखी गप्प पडतात. मग घारीलाही ती दिसत नाहीत. पण या पिल्लांनी अंड्यात असल्यापासून ही हाक रोज ऐकली होती आणि तिच्या मागून येणाऱ्या टाळ्याही. ती उठली, दोरीपाशी रांगेत उभी राहिली आणि पाहुण्यांना वाकून नमस्कार करू लागली.

घार झेपावली. आवडाबाई मध्ये पडली. तिची पिसं गेली, पिल्लं कशीबशी वाचली आणि घार निघून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. घार रोज असते की फक्त रविवारी, अशी अस्वलाने चौकशी केली.

पिल्लांना पंखाखाली घेऊन आवडाबाई बसली. तिचा घसा बसला होता. ती अगदी हळू म्हणाली, "पाया पडते तुमच्या. घरी जा."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अस्वल खेकडेरावांपाशी गेलं.

"सुरुवात छान होती," ते म्हणालं. "पण शेवटी बाईंनी जीव ओतला नाही."

खेकडेराव दोरी सोडायला लागले.

तात्पर्य : पाहुण्यांशी कधीही नम्रपणे बोलू नये. त्यांचा फार हिरमोड होतो.