मिस व्हर्नाचं काडतूस आणि मागची बाजू

माणसाला स्वतःचा जीव प्यारा असतो आणि दुसऱ्याने स्वतःचा जीव कसा वाचवावा याबद्दल त्याला पक्की मतं असतात. या दोन गोष्टींवरच समाज उभा आहे, असं माझं काउंटीच्या कार्यालयात एकतीस वर्षं जन्म, मृत्यू आणि कुत्र्यांचे परवाने नोंदवल्यानंतर मत झालं आहे. आमच्या ब्रायर्टन गावात (इंडियाना, लोकसंख्या एकोणीसशे चार, बंदुका त्याहून थोड्या जास्त) व्हर्ना स्टकीने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं, तेव्हा या मताचा पुरावाही मिळाला.

व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं होती. गावातला साठीच्या आतला प्रत्येक माणूस तिच्या हातचं खाऊन मोठा झाला आहे, त्यामुळे तिला सगळे मिस व्हर्ना म्हणतात आणि तिच्यासमोर आपोआप रांगेत उभे राहतात. मी साठीच्या बाहेरचा आणि तिचा सव्वीस वर्षांचा शेजारी, म्हणून मला नुसतं व्हर्ना म्हणायची मुभा आहे. आमची एका छपराखाली दोन बिऱ्हाडं. मधे जिप्समची एक भिंत, इतकी पातळ की ती तिकडे शिंकली तर मी इकडून तिचं भलं चिंततो आणि ती आभार मानते.

मागच्या हिवाळ्याआधी तिचा नवरा ऑरिन गेला. एप्रिलमध्ये लोकस्ट स्ट्रीटवरच्या एका उघड्या गॅरेजमधून कुणीतरी करवत पळवली. शेरीफच्या माणसाने घरोघरी येऊन सांगितलं की दारं लावत जा. गावाने ती सूचना शांतपणे ऐकून घेतली आणि मग तो गेल्यावर तिचा निषेध केला. आमच्याकडे मागचं दार लावत नाहीत. आजारपणात, मयतीत, बाळंतपणात एकमेकांकडे जेवणाची भांडी जातात. प्रत्येक भांड्याच्या तळाला मालकिणीचं नाव लिहिलेली चिकटपट्टी असते, आणि ते भांडं रिकामं परत न देता त्यात काहीतरी घालून, मागच्या दाराने आत जाऊन ओट्यावर ठेवायचं असतं. दार लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या केकवर अविश्वास दाखवणं.

व्हर्ना मात्र घाबरली. हे मी गमतीने सांगत नाही. ती दिवसभर टीव्ही मोठ्याने लावून ठेवू लागली, घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून. मला भिंतीतून सगळं ऐकू येई आणि वाईट वाटे. पण आमच्याकडे वाईट वाटलं की माणूस केक भाजतो, तसा मी भाजला. तिने जाऊन रिव्हॉल्व्हर आणलं.

ते तिने डेलमर हाउकच्या दुकानातून घेतलं. डेलमरचं दुकान म्हणजे गावचं विद्यापीठ. तिथे काउंटरला टेकून उभं राहिलं की कुठल्याही विषयात पदवी मिळते. रिव्हॉल्व्हर जुनं होतं, पण डेलमरने ग्वाही दिली की ते एकाच मालकाचं आहे. तो मालक शेजारच्या गावचा दंतवैद्य. त्याने ते खणात ठेवलं आणि वर्षातून एकदा पुसलं. कुणी चर्चला जाण्यापुरती वापरलेली गाडी विकावी, अशा सुरात डेलमरने ते विकलं.

खरा प्रश्न पुढेच होता. रिव्हॉल्व्हर कुठलंही चालतं, पण आत्मरक्षणाचं काडतूस निवडावं लागतं. डेलमरच्या फडताळात अकरा प्रकारची होती. चकचकीत काळ्या खोक्यांवर चांदीच्या अक्षरांत ‘लास्ट वर्ड’, ‘क्वायट पोर्च’ अशी नावं. ती वाचून हे दारूगोळ्याचं दुकान की अत्तराचं, असा नवख्याला प्रश्न पडतो. व्हर्नाने विचारलं की यातलं बरं कुठलं. दुकानात त्या वेळी सहा माणसं होती आणि सात उत्तरं आली. म्हणून एक समिती नेमण्यात आली.

समितीचा अध्यक्ष डेलमर. चिटणीस लाइल फिस्टर, हा पाणीखात्यातून मीटर वाचता वाचता निवृत्त झालेला गृहस्थ. त्याने या विषयावरचे चारशे व्हिडिओ पाहिलेले आहेत (आयुष्यात एकूण चोर पाहिले: शून्य). माझी नेमणूक झाली नाही, पण कामकाजात माझा उल्लेख पहिल्याच बैठकीपासून होता. गोळी चोराला लागून थांबली नाही तर ती भिंतीतून पलीकडे जाणार, आणि पलीकडे माझा पलंग. या शास्त्रात लक्ष्याच्या पाठीमागे जे काही असतं त्याला मागची बाजू म्हणतात. तेव्हापासून मी मागची बाजू झालो. मला यात मान वाटला. एकतीस वर्षं नोकरी करून मला कुठली बाजू मिळाली नव्हती.

चाचणीसाठी माणसाच्या अंगाच्या घनतेचं जिलेटिन लागतं. ते लुथरन चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात करायचं ठरलं, कारण आमच्या चर्चइतकी जेली अख्ख्या राज्यात कुठे होत नसेल. पहिला ठोकळा लाइलने स्वतः केला. सणाच्या सॅलडमधून उरलेलं ताजं अननस वाया जाऊ नये म्हणून त्याने तेही आत टाकलं. दुसऱ्या दिवशी साचा उलटा केला तर चोर ओट्यावरून वाहत खाली गेला. समितीने निष्कर्ष नोंदवला की चोर अपेक्षेपेक्षा मऊ असू शकतो.

व्हर्ना हे बघून उठली. "ताजं अननस घातलं की जेली जमत नाही, हे मी तुला तिसरीत असताना सांगितलं होतं, लाइल," ती म्हणाली. "हो बाजूला."

त्यानंतरचे अकराच्या अकरा ठोकळे तिने केले. पाण्याचं तापमान, पावडरीचं वजन, फ्रिजमधले तास, सगळं चोख. काचेसारखे नितळ ठोकळे, एकातही बुडबुडा नाही. तिने ॲप्रन बांधला, बाह्या वर केल्या, चार लोकांना चमचे धुवायला लावले, आणि ऑरिन गेल्यानंतर पहिल्यांदा मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं. त्या तीन दिवसांत तिने टीव्ही लावला नाही. घाबरलेल्या बाईला चर्चच्या स्वयंपाकघरात तीन दिवस काम दिलं की तिची भीती जाते, असा एक निष्कर्ष तिथे सहज काढता आला असता. पण तो काडतुसांच्या कार्यकक्षेत बसत नव्हता, म्हणून त्याची नोंद झाली नाही.

चाचणी एका शनिवारी डेलमरच्या परसात झाली. मांडणी अशी. सगळ्यांत पुढे ऑरिनच्या जुन्या जीन्सचे चार थर (चोर कपडे घालून येतो, असं गृहीत धरलं होतं). मग जिलेटिन. मग जिप्समचे दोन तक्ते, म्हणजे आमची भिंत. आणि त्यामागे मी. मी स्वतः नव्हे. बटाट्याचं एक पोतं, त्याला माझा चौकडीचा शर्ट. शर्ट लाइल स्वतः येऊन मागून घेऊन गेला. शास्त्रासाठी हवा आहे, म्हणाला. मी धुतलेला दिला.

गोळ्या डेलमरने त्याच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडल्या. मिस व्हर्नाचं आधीच जुनं, उगाच झिजवायला नको, असं एकमताने ठरलं होतं. निकाल पुढीलप्रमाणे: अकरापैकी नऊ काडतुसांनी मला ठार केलं, एकाने मांडीत जखमी केलं, आणि एकाने फक्त शर्टाची डावी बाही फाडली. बाही फाडणारं काडतूस टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. मला पलंग दोन फूट उत्तरेला सरकवण्याची शिफारस करण्यात आली. उत्तरेला हीटर आहे. मी सरकवला. रविवारी चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

यानंतर समितीने वापराच्या पद्धतीत लक्ष घातलं. व्हर्नाला एक जुनी खोड होती. मागच्या दाराशी पाऊल वाजलं की ती जागेवरून ओरडायची, "कोण ते?" चाळीस वर्षं ती हा प्रश्न विचारत होती आणि चाळीस वर्षं त्याचं उत्तर मिळत होतं. लाइलने घड्याळ लावून मोजलं. प्रश्नाला दीड सेकंद जातो. उत्तराला सात, कारण आमच्याकडे माणूस नाव सांगण्याआधी हवेबद्दल बोलतो. म्हणजे साडेआठ सेकंद, आणि तेवढ्यात चोराला तुम्ही कुठे बसला आहात हेही कळतं. प्रश्न रद्द करण्यात आला. तो न विचारण्याचा सराव तिच्याकडून दोन आठवडे करून घेतला. सुरुवातीला तिच्या तोंडातून ‘को’ निघून जायचा. नंतर तोही बंद झाला. लाइलला तिचा फार अभिमान वाटला.

जूनच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास, मी तिचा काचेचा ट्रे परत द्यायला निघालो. आत रूबार्बच्या आंबट देठांचा केक, अजून गरम. हात दोन्ही गुंतलेले, म्हणून मागचं दार नेहमीसारखं कोपराने ढकललं. व्हर्ना आतल्या खुर्चीत डुलकी घेत होती. मी स्वयंपाकघर ओलांडून दाराच्या चौकटीत आलो. ती डोळे मिटलेल्या अवस्थेतून थेट रिव्हॉल्व्हर रोखलेल्या अवस्थेत गेली. मधे काही नव्हतं. सराव उत्तम झाला होता.

खट.

ती चाप ओढत राहिली. खट. खट. मी जिथे होतो तिथेच उभा. माझ्या डोक्यात त्या क्षणी फक्त शर्टाची डावी बाही होती. मी फार घाबरलो होतो. इतका, की ट्रे खाली ठेवायचंही सुचलं नाही.

तिसऱ्या खटनंतर ती थांबली. आणि मग, सगळा सराव विसरून, बारीक आवाजात म्हणाली, "कोण ते?"

"मी," मी म्हणालो. "बाहेर जरा ऊन पडलंय."

तिने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. ती रडायला लागली. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि समोर बसलो. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि केककडे पाहिलं. "बेकिंग पावडर जास्त झाली," म्हणाली. आम्ही दोघांनी दोन दोन तुकडे खाल्ले. पुन्हा कधी असं होणार नाही, असं ती म्हणाली नाही, आणि मीही तिला ते म्हणायला लावलं नाही.

शनिवारी समितीची तातडीची बैठक झाली. वातावरण गंभीर होतं. इतक्या मेहनतीने निवडलेलं काडतूस उडालंच कसं नाही, हा प्रश्न होता. तपासात आढळलं की दंतवैद्याने चाप हलका व्हावा म्हणून मुठीतला एक स्क्रू सैल केला होता, त्यामुळे घोडा पुरेशा जोराने आपटत नव्हता. काडतूस निर्दोष सुटलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. डेलमरने स्क्रू तिथल्या तिथे, काही न घेता पिळून दिला. परसात जाऊन तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही उडाल्या. लोक मला येऊन भेटले, पाठ थोपटली, मोठ्या प्रसंगातून गेलास म्हणाले. आता पुन्हा असं होणार नाही, असा मला शब्द देण्यात आला.

मी हात वर करून मागच्या दाराला कडी बसवण्याची सूचना मांडली.

"मग तू तिचा ट्रे परत कसा ठेवणार?" लाइलने विचारलं. यात तथ्य होतं.

"आणि मिस व्हर्ना," डेलमर तिच्याकडे वळून आदराने म्हणाला, "तुम्ही कडी लावली तर लोकांना वाटेल, तुम्ही घाबरल्यात."

व्हर्नाने मांडीवरच्या पर्सवर हात ठेवला. रिव्हॉल्व्हर त्यात होतं. "मी कुणाला घाबरत नाही," ती म्हणाली. सूचना मागे घेण्यात आली. त्याऐवजी असा ठराव झाला की मागच्या बाजूने दुपारी दोन ते तीन या वेळेत मागच्या दाराने येणं टाळावं.

तर सध्याची स्थिती अशी. रिव्हॉल्व्हर दुरुस्त, भरलेलं आणि तिच्या खुर्चीशेजारी. दार उघडं. प्रश्न अजूनही रद्द. टीव्ही पुन्हा दिवसभर चालू असतो, त्यामुळे पावलांचा आवाज तिला उशिराच कळतो. काल ती शिंकली तेव्हा मी इकडून नेहमीचे शब्द म्हणालो, पण तिला ऐकू गेले नसावेत. आणि केकनंतर तिने माझ्याकडे नूडल्सचा एक ट्रे पाठवला होता, तो मी घासून ठेवला आहे. त्यात भरायला लिंबाच्या वड्या केल्या आहेत. तीन वाजून गेले की निघेन.

तुम्ही इथपर्यंत आलात ते शेवटी कुठलं काडतूस ठरलं हे कळेल म्हणून, हे मला ठाऊक आहे. ते मी सांगणार नाही. तुमच्या गावातही एखादा डेलमर असेल. व्हर्नाने आधी ‘कोण ते’ विचारलं नाही, याचं तुम्हाला हसू आलं असेल, तेही समजू शकतो. पण तुम्ही मघापासून माझ्या घरात बसला आहात, माझा पलंग कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, बटाट्याच्या पोत्यात मला नऊ वेळा मेलेलं तुम्ही पाहिलं आहे, आणि मागची बाजू म्हटलं की तुम्हालाही पुरेसं वाटलं. माझं नाव काय, हे तुम्हीही विचारलेलं नाही.